दुसरी चौकट

सुतार हट्टी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरल्या भावाने घराबाहेर काढलं, जातभाईंनी कामं तोडली, तरी पठ्ठ्याने मान तुकवली नाही. प्रार्थनेला त्याला पहिल्यांदा नेलं ते झाडूवाल्या मावशीने. त्याआधी त्याला साथीचा ताप आला तेव्हा सख्खे उंबऱ्याबाहेर थांबले होते. मावशी आत आली आणि तिने स्वतःच्या हाताने त्याला पाणी पाजलं.

पुढे मंडळीची, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांची, प्रार्थनेची नवी खोली उभी राहिली. पाळक तसे भले गृहस्थ, पण माणसं वाढवायची घाई फार. एक दिवस ते दोन चौकटींची मापं घेऊन आले.

"वरच्या आळीतली घरं यायला तयार आहेत. फक्त झाडूवाल्यांबरोबर एका दारातून नको म्हणतात. पुढचं दार त्यांना, मागचं मावशीच्या लोकांना. तुम्ही तर पुढच्या दारातलेच. तुम्हाला कसली अडचण?"

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे भावाचं घर सोडून मी परत भावाच्याच घरात आलो म्हणायचं!"

"आधी आत तर येऊ द्या त्यांना. बदलतील हळूहळू."

"चौकट वाकडी बसवली की दार जन्मभर अडकतं, पाळकसाहेब."

"मग मंडळीत तुम्हालाच जागा राहणार नाही. बघा."

हे मात्र वर्मी लागलं. भाऊ गेला, आळी गेली. आता हेही दार बंद झालं तर जायचं कुठे? दोन दिवस तो नुसता रंधा मांडीवर घेऊन बसला. मग उठला आणि कामाला लागला.

रविवारी सगळे जमले. बघतात तर दार एकच, तेही एका वेळी एक माणूस जाईल इतपत. मागच्या दारासाठी सोडलेली जागा सुताराने गवंड्याला हाताशी धरून विटांनी बुजवली होती, आणि दुसऱ्या चौकटीच्या लाकडाचं आत बाक केलं होतं. पाळकांचा चेहरा पडला. वरच्या आळीची माणसं बाहेर घुटमळू लागली. मावशी सवयीने बाजूला सरकून भिंतीला चिकटली.

सुतार दारात आडवा उभा राहिला.

"अहो, जाऊ द्या ना त्यांना आत," पाळक वरच्या आळीच्या माणसांकडे बघत दबक्या आवाजात म्हणाले.

"जाऊ देतो की. पण रांगेने. मावशी आधी आलीय." मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "मावशी, चल आत पटकन! तुझ्यामुळे मागे सगळे खोळंबलेत."