गच्चीवरचे अण्णा

दुसऱ्याच्या आजारपणात माझ्या थोरल्या साडूंइतका रमणारा माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात झाला नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं पेंडीचं दुकान. गिऱ्हाईक सरकी पेंड मागायला येई आणि गुडघ्याला एरंडाचं पान बांधायचा सल्ला घेऊन जाई. सल्ला देताना अण्णा समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत, आवाज खाली आणत. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीतून वळसा घेऊन कानडीत संपे. अशानं निम्म्या गावाची दुखणी त्यांना ठाऊक.

दोनेक वर्षांपूर्वी बोलता बोलता त्यांचा चेहरा एकाएकी लालबुंद व्हायला लागला. अण्णा चिडले असं समजून गिऱ्हाइकं निमूट पोतं उचलत. पोटही सारखं बिघडायचं. त्यावर त्यांनी स्वतःचे सगळे सल्ले वापरून पाहिले. शेवटी मी त्यांना आणि मेव्हणीबाईंना गाडीत घालून हैदराबादला नेलं. लहान आतड्यात गाठ निघाली, यकृतापर्यंत पसरलेली, कापून काढण्यापलीकडं गेलेली. ही गाठ रक्तात एक रस सोडते, त्यानं तोंड लाल होतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा अण्णा बायकोकडं वळले. "ऐकलंस? मी रागीट न्हाय. गाठ रागीट हाय."

"गाठ आत्ता आली," डोळे पुसत मेव्हणीबाई म्हणाल्या, "तुमचा राग लगनापासनं हाय."

उपचार ठरला तो किरणोत्सारी औषधाचा. शिरेतून द्यायचं, ते गाठ हुडकून तिलाच चिकटतं आणि जागच्या जागी किरणांनी जाळतं. दोन-दोन महिन्यांनी, चार वेळा. अण्णा दुकानात समजावून सांगत, "शंभर गायींत सोडलं तरी वासरू आपल्याच आयकडं जातंय का न्हाय? तसंच."

पण औषध घेतल्यावर काही दिवस अंगातून किरण बाहेर पडतात. पोराबाळांपासून, गरोदर बायकांपासून लांब राहायचं, माणसांत बसायचं नाही. खांद्यावर हात ठेवल्याशिवाय ज्याला बोलता येत नाही, त्याला ही शिक्षा! अण्णांनी मुक्काम गच्चीवरच्या खोलीत हलवला आणि तिथूनच सल्ले सुरू केले, रस्त्यापर्यंत पोचतील अशा आवाजात. "गुरुजी, मूळव्याध कशी हाय आता?" भर बाजारच्या दिवशी हे ऐकून गुरुजी सायकलवरून पडता पडता वाचले. त्यानंतर आठ दिवस निम्मी गल्ली मागच्या बोळानं जात होती.

चौथ्या खेपेनंतरच्या तपासणीला मीच सोबत होतो. गाठी बारीक झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या.

"किती वर्षं?" अण्णांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. सध्या त्या शांत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना हुमनाबाद मागं पडलं. मग रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि चिंचेचं रोप मागितलं.

"कलमाचं न्या," रोपवाला म्हणाला, "चार वर्षांत चिंचा लागतील. बियाचं धा-धा वर्षं धरत न्हाय."

"बियाचंच द्या," अण्णा म्हणाले. "मला कुठं घाई हाय?"

उमरगा येईपर्यंत ते रोप मांडीवर घेऊन बसले होते, आणि खिडकीतून येणारं ऊन त्याला लागू नये म्हणून मध्ये हात धरून होते.