तीन दिवस कुंपणात

दुष्काळात मी कपिलधारच्या रानात वनरक्षक होतो. त्या शेळ्यावाल्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. ओढ्याकाठी वेड्या बाभळीशिवाय हिरवं काही उरलं नव्हतं आणि तिच्या शेळ्या त्याच शेंगांवर जगायच्या. पण रानात चरायला सोडण्याआधी ती त्यांना तीन दिवस दगडी कुंपणात कोंडायची, लांबून डोक्यावर पाणी आणायची, आणि लेंड्या झाडून चुलीत घालायची.

"कशापायी एवढा तरास?" मी विचारलं.

"बाभळीला पाय न्हाईत, सायेब. माज्या शेळ्यांला हायत," ती झाडता झाडताच म्हणाली. "बी लेंडीतून रुजतंय. एकदा बाभळ रानात शिरली, की तुमच्या कुऱ्हाडीला आवरायची न्हाई."

मग माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "तुमच्या नव्या रोपांला खत कुठलं घातलं?"

सहकारी संस्थेच्या चारा छावणीतलं शेण फुकट मिळालं, म्हणून आम्ही ट्रॉल्या भरभरून रानातल्या खड्ड्यांत ओतलं होतं. छावणीतली गुरंही त्याच शेंगा खात होती.

मी तिला तसं सांगितलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि खुरपं कमरेला खोचलं.

"चला," ती म्हणाली, "कोंब बोटाएवढे हायत तवर."