खुर्चीत बसल्यावर बोलायचं नाही

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कपाटावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप जमतात आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्याकडे पाहुणे आले की चहा उकळायच्या आत माझा नवरा सुरू होतो, "अगं, ते बिबट्याचं सांग ना!" बिबट्याचं सांगितलं की धुक्याचं निघतं, धुक्यावरून मिठाचं, आणि पाहुण्यांची नारायणगावची एसटी निघून जाते. तुम्ही आज निवांत बसलेले दिसताय, तेव्हा सगळंच सांगून टाकते.

मी आळेफाट्याजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. मोबाइलवर लघुपट बनवायचा कोर्स सुरू करायचं ठरलं, त्या मीटिंगला मी एकटीच उशिरा पोहोचले. त्यामुळे कोर्स माझ्या गळ्यात पडला. मला स्वतःला लग्नाच्या जेवणावळीत फोटो काढायचा म्हटलं तरी अंगठा मध्ये येतो. पण पोरं हुशार होती, आणि मला हे शिकवता येत नसलं तरी बोलायला लावता येतं. म्हटलं, दर शनिवारी एकाची फिल्म बघायची आणि बाकीच्यांनी फीडबॅक द्यायचा. यात काय अवघड आहे?

*

पहिली फिल्म कळंबच्या अक्षयची होती. अक्षयच्या मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्यामुळे ड्रोन घरचा. फिल्म संपली. मी म्हटलं, "हं, बोला."

घाटघरचा गणेश उभा राहिला. एरवी हा मुलगा हजेरीला सुद्धा नुसता हात वर करतो. त्याने घसा साफ केला. "आदरणीय मॅडम, उपस्थित मित्र-मैत्रिणींनो. आमचे बंधू अक्षयभाऊ यांनी आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून जी फिल्म बनवली, ती लई भारी आहे. त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो."

टाळ्या पडल्या. दुसरा उठला, "लई भारी." तिसरा उठला, "गणेशभाऊंशी सहमत." अक्षय हात जोडून सगळ्यांचा स्वीकार करत होता. कोणी शाल आणि नारळ आणून दिला असता तर तो निवृत्तच झाला असता.

दोष त्यांचा नव्हता. आमच्याकडे एखाद्याला तोंडावर तुझं काम फसलंय असं सांगणं म्हणजे त्याच्या दारातून चहा न घेता उठून येण्यासारखं आहे. मागे काय ते बोलतात, आणि भरपूर बोलतात.

*

मग मी नियम केले. स्टोअररूममधली एक लाल प्लास्टिकची खुर्ची फळ्यासमोर ठेवली. जिची फिल्म, ती व्यक्ती त्या खुर्चीत बसणार. बाकीच्यांनी एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक कमी, म्हणजे उणीव, सांगायची. खुर्चीतल्याने तोंड उघडायचं नाही. अगदी शेवटी एकच शब्द बोलायचा. लोकांचं पटलं तर "बदलतो", नाही पटलं तर "ठेवतो". बस.

खुर्चीचा पहिला मान पुन्हा अक्षयलाच. या वेळी फिल्म बिबट्यावर. उसात बिबट्या, उसात शेतकरी, वर ड्रोन. खरा बिबट्या आमच्या भागात रोज कोणाला ना कोणाला दिसतो, पण अक्षयला हवा तेव्हा मिळाला नाही. म्हणून चुलतभावाला ठिपक्यांच्या ब्लँकेटात गुंडाळून रांगायला लावला होता.

गणेश उठला. आता भाषणाची सोय नव्हती. "चांगली गोष्ट म्हंजी, बिबट्या चालतो चांगला. कमी म्हंजी, बिबट्याच्या पायात चप्पल आहे."

वर्ग हसत सुटला. अक्षयने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. कान लाल झाले होते. शेवटी मी विचारलं, तर मान ताठ करून म्हणाला, "ठेवतो."

तास संपल्यावर माझ्या मागे धावत आला. "मॅडम, बाभळीचे काटे व्हते तिथं. त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं?"

*

नारायणगावच्या प्रज्ञाला नियमांची गरजच नव्हती. तिच्या घरी तिचे आजोबा, वडील, काका सगळे सभेत उभं राहून मुद्देसूद बोलणारे. ती फीडबॅक द्यायला उठली की समोरचा खुर्चीचे हात घट्ट धरायचा.

तिची स्वतःची फिल्म वडिलांवर होती. ते गाड्या दुरुस्त करतात. फिल्ममध्ये ते ट्रकखाली आडवे होऊन पाना फिरवताना दिसतात, आणि अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन.

अक्षयला चपलेचा सूड कोणावर तरी उगवायचा होता. "चांगली गोष्ट, आवाज क्लिअर. कमी, जगात कुठला मेकॅनिक असा ऱ्हातो का?"

प्रज्ञा एक अक्षर बोलली नाही. शेवटी म्हणाली, "ठेवते."

पुढच्या शनिवारी, खुर्चीत नसताना, तिने आपणहून सांगितलं. "मी पप्पांना म्हटलं होतं, रोजचे कपडे घाला. ते म्हणाले, रोज तेच घालतो ना गं, पिक्चरमध्ये तरी नको." अक्षय त्या दिवशी तिला स्वतःहून सॉरी म्हणाला. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. पाचच मिनिटं, कारण लगेच त्याने विचारलं, "पप्पा आमच्या ट्रॅक्टरचं बगतील का?"

*

गणेशने नाणेघाटाच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात शूटिंग केलं. आम्ही दिवे बंद केले, फिल्म लावली. पडदा पांढरा. थोड्या वेळाने पडदा पांढराच. मधूनच गाय हंबरली, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. शेवटी "समाप्त" आलं, ते मात्र स्पष्ट दिसलं.

"चांगली गोष्ट," अक्षय म्हणाला, "धुकं ओरिजिनल आहे. कमी, पिक्चर दिसला नाय."

गणेश शांतपणे म्हणाला, "ठेवतो."

बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "अरे, थोडी उघडीप झाल्यावर तरी शूट करायचंस." तो म्हणाला, "मॅडम, पावसाळाभर आमाला आमची गाय अशीच दिसती."



*

आता तुमच्या लक्षात आलं असेल, सगळे "ठेवतो"च म्हणत होते. चार लोकांत एकदा केलेलं मागे घ्यायचं नाही, हे या पोरांनी आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. मला वाटलं, आपला प्रयोग फसला.

आणि एक दिवस पाहिलं तर अक्षयच्या फिल्ममधली चप्पल गायब. बिबट्याचे पाय छान गवतात गेलेले. धुक्याआधी गणेशची गाय स्वच्छ उन्हात दिसू लागलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, की खुर्चीत "ठेवतो" म्हणायचं आणि तास सुटला की गुपचूप सारिकाकडे जायचं. "सारिका, ते तेवढं कापून टाक ना."

सारिका आळ्याची. घरची अजून मेंढरं आहेत, थोडी शेतीही आहे. वर्गात ती लॅपटॉपपाशी बसायची आणि सगळ्यांच्या फिल्म जोडायची. काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे त्या मुलीला उपजत कळतं. मी तिला पुण्यातल्या एका संस्थेच्या परीक्षेला बसवलं. एडिटिंगचा दोन वर्षांचा कोर्स, हॉस्टेलसकट. ती पास झाली, बोलावणं आलं, आणि तिच्या वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. ते फार चिडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, पोरगी एवढ्या लांब एकटी राहणार नाही. सारिका त्यानंतरही रोज येऊन दुसऱ्यांच्या फिल्म जोडत होती. मला ते बघवत नव्हतं.

*

मधेच मिठाचं सांगते. एका सकाळी अक्षयच्या आईचा फोन.

"मॅडम, तुमी पोराला काय शिकवताय?"

"का हो? काय झालं?"

"काल कालवण वाढलं. एक घास खाल्ला न् मला म्हनतो, आई, चांगली गोष्ट, रंग लई भारी आलाय. कमी, मीठ. वर मलाच म्हनतो, तू आता बोलायचं न्हाई."

"मग तुम्ही काय केलं?"

"म्या काय करनार? शेवटी एक शब्द बोलायचा आस्तो म्हनला. म्हनलं, ठेवते. उंद्या बी आसंच व्हनार."

*

आता शेवटचा. हा सांगितला की मी आत जाऊन चहा ठेवते.

कोर्सचा अखेरचा शनिवार होता आणि फिल्म सारिकाची होती. तिचे वडील मेंढरं घेऊन हायवेच्या कडेला उभे आहेत. ट्रक जातायत, टेम्पो जातायत, ते थांबलेत. मध्येच एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवतात. फट सापडते, ते हाळी देतात, कळप पलीकडे जातो. एवढीच फिल्म. दिवे लागले. सारिकाने खुर्चीत बसायचं होतं, पण तेवढ्यात स्पीकरची वायर जळाल्याचा वास आला आणि ती दुसरा एक्स्टेंशन बोर्ड आणायला ऑफिसात गेली.

आणि दारात तिचे वडील. नाना. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायातल्या वहाणा त्यांनी बाहेरच काढल्या होत्या. मी म्हटलं, "या नाना, बसा." वर्गात एकच जागा रिकामी होती. ते लाल खुर्चीत बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "फोनवर सांगनं बरं दिसत न्हाई, म्हनून आलो. पोरगी पुन्याला जानार न्हाई. तुमी तिच्या मनात आता काय भरू नका."

बापाला काय सांगायचं, ते कोणत्याच पुस्तकात नसतं. आणि मागून बाक सरकल्याचा आवाज आला. प्रज्ञा उभी राहिली होती.

"चांगली गोष्ट," ती म्हणाली, "नाना, तुम्ही स्वतः आलात. कमी, जिच्याबद्दल सगळं चाललंय, तिला यात एकही डायलॉग नाही."

"आगं, पन पोरी..."

"नाना," अक्षयने अगदी अदबीने अडवलं, "त्या खुर्चीतल्या मानसानं बोलायचं नसतं. सगळ्यांचं झालं की शेवटी एक शब्द. पटलं तर बदलतो, नाय पटलं तर ठेवतो. आमाला पन हाच नियम आहे."

मला वाटलं, आता हे उठून जाणार आणि सोमवारी प्राचार्य मला बोलावणार. पण नाना भावकीच्या बैठकांत बसलेला माणूस. तिथे सगळ्यांचं होईपर्यंत मधे बोलत नाहीत. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि समोर बघत बसले.

गणेश उठला. "चांगली गोष्ट, हायवेला तुमी घाई केली नाय. येक बी मेंढरू दामटलं नाय. कमी... इथं घाई केली."

मग अक्षय. "नाना, मला चांगलं काय सुचत नाय. कमी आमचीच व्हनार हाय. ती गेली तर माझ्या बिबट्याच्या पायात परत चप्पल येनार. तरी ती जावी."

बिबट्याचं नानांना काय कळणार? पण हसलं कोणीच नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

वळले तेव्हा सारिका दारात उभी होती. हातात एक्स्टेंशन बोर्ड, वायर जमिनीवर लोळतेय. कधीपासून उभी होती कोण जाणे. नानांनीही तिला पाहिलं. ती एक शब्द बोलली नाही, जणू खुर्चीत तीच बसली होती.

"नाना," मी म्हटलं, "आता तुमची पाळी."

नाना उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली, नीट केली. लेकीच्या पायाशी लोळणारी वायर उचलून तिच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"बदलतो."