कपाशीतलं पांढरं पाडस

माझा राग नाकावर असतो. लग्नानंतर महिन्याभरातच सासरी हे सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याहून गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांशी भांडले, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

आमचं वावर सोनगीरच्या अलीकडे, जिथून किल्ला दिसतो त्या अंगाला. कपाशीची दुसरी वेचणी चालली होती. वेचणाऱ्या बाया सणाला आपापल्या गावी गेलेल्या. नवरा नरडाण्याला कंपनीत, त्याला दोनच दिवस सुट्टी. म्हणजे वेचायला कोण, तर सासरे, सासूबाई आणि शाळेत खडू धरणारी मी. त्यात मोबाइलवर रोज अवकाळी पावसाचा इशारा येत होता. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, मग व्यापारी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून मी कमरेला ओटी बांधून झपाझप वेचत सुटले होते. बांधाकडच्या शेवटच्या आठ ओळींशी पोहोचले, तर सासरे आडवे आले.

“त्या आठ ओळीस्ले हात लावानं नही. सांगी ठेवस.”

“का पण?”

“नही म्हंजे नही.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “नाना, पाऊस काय तुम्हाला विचारून येणार आहे? माझी सुट्टी संपली की मग वेचा एकटेच!” सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, पलीकडच्या ओळीतून म्हणाल्या, “चालू द्या तुम्हनं. मी आपली वेचस.”

नानांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुणेनं पुढे नेलं. दोन झाडांच्या मधे बोट दाखवलं. मला कापूसच दिसला. खालचा, वरचा, जमिनीवर गळलेला, सगळीकडे कापूसच. मी वैतागून तोंड उघडणार, तेवढ्यात त्या पांढऱ्यातलं एक पांढरं कान हलवून पुन्हा गप्प झालं.

अगं बाई! मी मटकन खालीच बसले.

हरणाचं पाडस होतं ते. आमच्याकडे काळविटांचा कळप फिरतो, त्यातल्याच एखादीचं. पण त्यांची पिल्लं मातकट रंगाची असतात. हे मात्र नाकाच्या शेंड्यापासून खुरांपर्यंत पांढरं. डोळे गुलाबी. कानांमागून ऊन आलं की आतल्या बारीक शिरा दिसायच्या. मुलांना मी विज्ञान शिकवते, अंगात रंगच नसलेले प्राणी जन्मतात हे फळ्यावर लिहिलंय. पण लिहिणं वेगळं आणि हातभर अंतरावर त्याचा श्वास बघणं वेगळं. इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ऊन सोसत नसावं त्याला, डोळे किलकिले करून पडलेलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

हरणी पिल्लाला असं लपवून चरायला जाते. ते पळण्याजोगं होईपर्यंत आठ-पंधरा दिवस हा तिचा नेम. दिवसातून दोनदा येऊन दूध पाजते. पिल्लू हालत नाही, आवाज करत नाही, तेवढंच त्याचं संरक्षण. काळ्या मातीवर हे पांढरं पिल्लू कुत्र्यांना कोसावरून दिसलं असतं. फुटलेल्या कपाशीत ते आम्हाला पायाशी दिसत नव्हतं. आईनं जागा हेरून निवडली की नशिबानं जमलं, देव जाणे. पण कपाशी वेचली की पिल्लू उघडं पडणार, हे नानांच्या लक्षात आलं होतं.

आणि हे कोण सांगतंय? नाना! हरणं म्हणजे त्यांचे जन्माचे वैरी. हरभऱ्याचे शेंडे खातात म्हणून चाळीस वर्षं त्यांनी हरणांना शिव्या घातल्या आहेत. अक्कांची जुनी लुगडी वावराभोवती बांधून झाली, फटाके वाजवून झाले. तो माणूस आता आठ ओळींच्या कडेला शेळी राखावी तसा बसून होता. पिल्लाला ‘ती’ म्हणायचा. मग मीही म्हणू लागले.

“घरी आणू तिले,” अक्का म्हणाल्या. नानांनी मान हलवली. “तिनी माय येस दूध पाजाले. घरी नेवर तिनं काय व्हई?” वनखात्याला कळवावं असं मी सुचवलं. नाना म्हणाले, गाडी येईल, गाडीमागे गाव येईल, आणि गावामागे मोबाइल येतील. खरं सांगते, फोटो मीही काढला होता. शाळेच्या ग्रुपवर तो टाकला नाही. माझ्यासारख्या बाईनं एवढा संयम दाखवणं हाही चमत्कारच, पण त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

बाकीचं वावर आम्ही वेचून घेतलं. आठ ओळी तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि दोन तास कोसळला. नाना ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. उघडीप होताच आम्ही दोघं चिखल तुडवत गेलो. पिल्लू जागेवर होतं. कुडकुडत होतं, पण जिवंत होतं. मी हात जोडले.

मग आजूबाजूला पाहिलं. भिजलेल्या कपाशीचा पार चोथा झाला होता. बोंडांतून मळकट पुंजके लोंबत होते. तांबूस-पिवळ्या त्या सगळ्या घाणीत ती एकटी शुभ्र, धुऊन ठेवलेल्या वाटीसारखी लखलखत होती. बांधावर दोन कुत्री येऊन नाकं वर करून उभी राहिली. मी ढेकळं मारून हाकलली, पण ती जाऊन पुन्हा बसली.

नाना घराकडे गेले. परत आले ते काखेत धोतरं घेऊन. असतील नसतील तेवढी सगळी.

“नाना, बुजगावणी लावताय? आई घाबरेल तिची!”

“ती कसाले घाबरी? इतकी वरीसनी लुगडी दखी दखी निर्लज्ज व्हई गयी ती बठ्ठी.” सगळीच हरणं निर्ढावलेली, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी धोतरं झाडांवर पसरली नाहीत. खाली, बुंध्यांच्या मधे, गोळे करून, चुरगाळून टाकली. एक इथे, एक तिथे. मग मला उमगलं. तिला लपवायला पांढरं कमी पडत होतं, म्हणून ते पांढरं पेरत होते. मी धावत जाऊन चादरी आणल्या, उशांचे अभ्रे आणले. खताच्या पांढऱ्या गोण्याही आणल्या, त्या मात्र त्यांनी नाकारल्या. “गोण्या वाजतस. घाबरी जाई ती.” शेवटी माझी लखनवी ओढणी उरली होती, तीही चिखलात गेली. अक्का म्हणाल्या, “आते माले बी पांढरी करी टाका!” एवढं करून आम्ही बांधावर जाऊन पाहिलं. आठ ओळींत पंचवीस पांढरे ठिपके होते, आणि त्यांतली ती कोणती हे मला सांगता येईना. हसावं की रडावं कळेना. या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी खरंच पडले. ते संकोचून म्हणाले, “ऊठ, ऊठ, चिखल लागी.”

पुढचे चार दिवस नाना माझ्या नवऱ्याची निळी ट्रॅक पँट घालून वावरात बसले. नेसलेलं धोतरही कपाशीत गेलेलं, घरात दुसरं नेसायला काही नव्हतं. गावानं त्यांची यथेच्छ टिंगल केली. सुनेनं धोतर सोडायला लावलं म्हणून माझ्याही नावानं शंख झाला. आम्ही दोघांनी मूग गिळले.

माझ्या सुट्टीच्या शेवटच्या सकाळी, ऊन नुकतंच वर आलेलं असताना, कळप आला. बाकीची हरणं बांधापलीकडे थांबली. एक हरणी एकटीच पुढे आली, धोतरांना वळसे घालत थेट पिल्लापाशी. तिनं त्याला चाटलं. पिल्लू उभं राहिलं, लटपटलं आणि चालू लागलं. कुत्री भुंकत उठली. त्यासरशी मायलेकी पळाल्या. आधी पिल्लू अडखळलं, मी किंचाळलेच. मग चारही पाय एकदम उचलून ते असं उडालं, असं उडालं की कुत्री कुठल्या कुठे मागे पडली. मी टाळ्या पिटत होते. नाना ढसाढसा रडत होते, ट्रॅक पँटच्या खिशात रुमाल शोधत होते.

कळप पलीकडच्या नांगरलेल्या रानात शिरला. काळीभोर जमीन, झाड नाही, झुडूप नाही. बाकीची हरणं थोड्याच वेळात मातीत मिसळून गेली. नानांनी डोळ्यांवर हात धरला.

“आते हाई कोठे लपी, बेटा?”

ती दिसेनाशी होईपर्यंत थांबू, असं मी म्हटलं. आम्ही थांबलो. किती तरी वेळ थांबलो, आणि ती काही केल्या दिसेनाशी होईना.