मेहरीबाईंची करणी

सिंकखालच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात? एक ठेवली, दोन ठेवल्या म्हणता म्हणता दार लागेनासं होतं. मेहरीबाईंचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. इकडं परदेशात, यिशुनला आमच्या ब्लॉकखाली आम्ही मराठी बायका संध्याकाळी पोरं खेळवत बसायचो. तिथं रोज कुणीतरी विचारायचंच, "काय गं, तुझ्या जादूगारणीची काय खबर?" माझी कशी? तर त्यांचं दार माझ्या दाराला लागून!

मेहरीबाई इराणच्या. तिकडं इस्फहान नावाचं शहर आहे, जुन्या बादशहांची राजधानी, तिथल्या. पन्नाशीच्या, एकट्याच राहायच्या, कपडे कायम काळे. बुओना व्हिस्टाला एका कंपनीत अत्तरं बनवायच्या. म्हणजे साबण, शाम्पू, फिनेल, सगळ्यात वास घालावा लागतो ना, तो यांनी शोधून काढायचा. हे झालं ऑफिसात. आणि घरी? घरी दाराच्या फटीतून धूर, कसल्यातरी बियांची तडतड आणि तोंडानं पुटपुट!

तेव्हा माझी ओवी अडीच वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. "आई"सुद्धा नाही. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, म्हणाल्या, ऐकू छान येतंय, थांबून बघू. थांबून बघू म्हणायला काय जातं हो! मला घास गोड लागत नव्हता. त्यात शेजारी हा धूर. वर्षाताई पुण्याच्या, बी.कॉम. झालेल्या, नवरा आयटीत. त्यासुद्धा म्हणाल्या, "कविता, माझा विश्वास नाही हं असल्या गोष्टींवर. पण तू आपली जपून राहा."

*

मी लगेच दारावर लिंबू-मिरची टांगली. दुसऱ्या दिवशी बघते तर नुसता दोरा लोंबतोय!

संध्याकाळी बेल वाजली. दारात मेहरीबाई, हातात झाकलेली वाटी. आमची भाषा म्हणजे त्यांचं इंग्रजी, माझं शाळेत सातवीपर्यंत झालेलं तेवढं इंग्रजी, आणि उरलेले हातवारे. म्हणाल्या, "थँक यू! लिंबू फार ताजं होतं. मिरच्या जरा तिखट. किती चांगली पद्धत तुमची, शेजाऱ्यांसाठी दारावर भाजी टांगता!"

बाईंनी त्याचं सूप केलं होतं. वर वाटीभर मलाच आणून दिलं!

वर्षाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सगळं तिच्या पोटात गेलं! बघच आता तिचं काय होतंय ते." आम्ही दोघी डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो. व्हायचं काय? बाईंना प्रमोशन मिळालं!

चार दिवसांनी वर्षाताईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "कविता, मिरच्या किती लावल्या होत्यास गं?"

*

आमचे हे शिपयार्डात सुपरवायझर. मासे म्हणजे जीव की प्राण. पण ओवीला वाचा फुटू दे म्हणून त्या वर्षी यांनी आपणहून श्रावण धरला होता. मला कौतुक वाटत होतं.

एकदा आम्ही लिफ्टमधून वर येत होतो. मेहरीबाई आत आल्या, यांच्या शर्टाजवळ थांबल्या आणि डोळे मिटले. "स्टिंगरे," त्या म्हणाल्या. म्हणजे आपलं पाखट. "केळीच्या पानावर भाजलेला. वर झणझणीत सांबल चटणी. आणि लिंबू जादा मागून घेतलंत."

मी यांच्याकडं बघतेय, हे मजल्यांचे आकडे बघतायत.

घरात शिरल्या शिरल्या हे म्हणाले, "ही बाई शंभर टक्के जादूटोणा करते. तिच्याशी बोलायचं नाही!"

"का? खोटं बोलल्या का त्या?"

"खोटं बोलली असती तर चाललं असतं!"

*

शनिवारी मी नेहमीप्रमाणे ओवीची दृष्ट काढत होते. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची..." शेजारणीचं जरा जोरातच म्हणत होते, खोटं कशाला सांगू! तव्यावर मिरच्या टाकल्या, घरभर खकाणा उठला. तेवढ्यात बेल.

दार उघडलं तर तीच शेजारीण! ओवीला पोटाशी घट्ट धरलं. बाईंनी घरात मान घातली, हुंगलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशानं काय होतंय!"

आल्या पावली परत गेल्या आणि मूठभर काळपट बिया घेऊन आल्या. त्याला त्या इस्पंद म्हणतात. ओवीच्या डोक्यावरून मूठ फिरवली, पुटपुटल्या आणि तव्यावर टाकल्या. तडतड तडतड! अगदी आपल्या मोहऱ्यांसारखं. अगदी आपल्यासारखीच मूठ, आपल्यासारखंच डोक्यावरून फिरवणं. मी बघतच राहिले.

"तुम्ही पण दृष्ट काढता?"

"मग! माझी आजी काढायची, आई काढायची."

"पण तुमच्या घरी तर लहान मूल नाही. रोज कुणाची काढता?"

बाई थोड्या लाजल्या. "माझीच. तुझ्या घरातून मिरच्यांचा धूर येतो, तू काहीतरी पुटपुटतेस. मला वाटलं, ही शेजारीण माझ्यावर जादू करतेय!"

मी हसत खालीच बसले.

*

त्या दिवसापासून ओवी सुट्टीच्या दुपारी त्यांच्याकडे. बाई कागदाच्या पट्ट्या अत्तरात बुडवून तिच्या नाकाशी धरायच्या. ओवी हुंगायची, हसायची, पण बोलायची नाही.

एकदा मला म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. ऑफिसात सगळी शास्त्रवाली माणसं, हसतील मला." साबणासाठी केलेला त्यांचा वास गिऱ्हाईक सारखा नापास करत होतं. शेवटी गिऱ्हाइकाचे मोठे साहेब आले, त्या दिवशी बाईंनी पँट्रीत जाऊन चक्क बाटलीचीच दृष्ट काढली!

झालं! धुराचा अलार्म वाजला. अख्खी बिल्डिंग खाली, रणरणत्या उन्हात. मोठे साहेब टाय सैल करून घामाघूम. बाईंच्या मनगटावर तोच वास लावलेला होता. साहेबांनी तिथंच हुंगला आणि ओरडले, "हाच! हाच पाहिजे!"

धूर कसला म्हणून बॉसनं विचारलं. बाई म्हणाल्या, "पॉपकॉर्न."

आता त्यांच्या कंपनीत प्रत्येक नवा वास आधी उन्हात नेऊन हुंगतात. शास्त्र म्हणून!

*

आणि हा शेवटचा.

ओवीला परत नोव्हेनाला दाखवायचा दिवस आला. निघताना मेहरीबाईंनी तिला जवळ घेतलं, तिच्या नाकाचा शेंडा दोन बोटांत धरला आणि कानात काहीतरी सांगितलं. "काय सांगितलंत?" मी विचारलं. "ते आमच्या दोघींतलं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. बॉल, मांजर, बस. ओवी गप्प. परत दाखवली. गप्प. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आता तज्ज्ञांकडे पाठवावं लागेल. यांनी माझा हात धरला.

डॉक्टरीणबाई ओवीचा गाल कुरवाळायला वाकल्या. ओवीनं त्यांची बोटं पकडली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"कांदा!"

"काय म्हणाली ती?" डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं. हे म्हणाले, "डॉक्टर... शी सेड अनियन."

बाईंनी स्वतःची बोटं हुंगली आणि लालेलाल झाल्या. "आत्ताच जेवून आले! हात धुतले होते मी!" मग त्या हसायला लागल्या, हे हसायला लागले, मी रडायला लागले.

एमआरटी ट्रेनमध्ये ओवी सगळ्यांना सांगत होती, "कांदा! कांदा!" शेजारच्या चिनी आंटीनं मला टिश्यू दिला. "डोन्ट क्राय लाह. बेबी सो हॅपी!"

वाटेत कुणालाही फोन केला नाही. वर्षाताईंनासुद्धा नाही. मला सगळ्यात आधी मेहरीबाईंनाच सांगायचं होतं. लिफ्टमधून बाहेर पडले ती ओवीला कडेवर घेऊन धावतच सुटले आणि बेल दाबली.

दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत मेहरीबाईंनी ओवीची बोटं हुंगली आणि म्हणाल्या,

"अनियन. बरोबर?"