आप्पांनी पेटवलेलं पाचट

ऊस तुटून गेला की आमच्या सदलग्याकडं पाचट पेटवतात. वाळलेला पाला रानभर पसरलेला असतो, काडी लावली की रान मोकळं. धूर गावावर येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते, बायका शिव्या घालतात आणि पुढच्या वर्षी परत तेच. ह्यांनी आमच्या रानात ते बंद केलं. पाला सरीत दाबून कुजवायचा. माती जिवंत राहते, पाणी कमी लागतं, धूर तर नाहीच. लोक म्हणायचे, "गादी घालून झोपणार काय रं त्यात?" हे नुसते हसायचे. पुढं पुढं ढेकूळ फोडलं की गांडुळं निघायला लागली. ती मला हाका मारून दाखवायचे. मला मेलीला किळस यायची.

मागच्या वर्षी हे गेले. दिवसकार्य उरकलं आणि मी बेळगावात शाळेवर हजर झाले. रडू म्हणून आलं नाही. भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळायचं नाही. शेत वाट्यानं लावा, असं सगळ्यांनी सांगितलं. मी लावलं नाही. का, ते विचारू नका, मलाही माहीत नव्हतं. रविवारी बस धरून जायचं, बांधावर बसायचं, परत यायचं. पाचट पेटवायचं नाही, एवढं एकच मी धरून ठेवलं होतं. दुसरं धरायला होतं काय?

यंदा तोड आली तेव्हा तोडकऱ्यांना कन्नडमधून बजावलं, पाणी पाजणाऱ्याला बजावलं. फक्त आप्पांना काही बोलले नाही. आप्पा माझे चुलत दीर, ह्यांना अण्णा म्हणायचे, त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस, त्यांना काय सांगायचं?

मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"वैनी, काळजी सोडा. माझं पेटवलं, त्येच्यासंगं तुमचं बी पेटवून दिलं. रान कसं चकाचक! तुमाला हेलपाटा नको म्हटलं."

"बरं केलंत," मी म्हणाले.

घंटा झाली. वर्गात जाऊन मी पर्यावरणाचा धडा शिकवला. खरंच, तोच आला होता. मुलांनी झाडं लावू, धूर टाळू, असं एका सुरात म्हणून दाखवलं आणि मी शाब्बास म्हणाले.

रविवारी गेले तर सगळं काळं. चपला राखेनं भरल्या. ढेकूळ फोडलं, त्यात काही नव्हतं. आप्पा कौतुकाच्या अपेक्षेनं शेजारी उभे होते. मनगटावरचे केस जळालेले. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून बिचारे दुपारभर उभे राहिले होते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

"अण्णा असता तर मला काडी लावू दिली नसती, ठावं हाय," ते म्हणाले. "पर त्येचा नाद त्येच्यासंगं गेला की. तुमी एकल्या, कुठं निस्तरत बसताय?"

"गेला न्हाय आप्पा," मी म्हणाले. "माझा हाय तो नाद."

आप्पांनी मी फोडलेलं ढेकूळ उचलून बघितलं.

पलीकडं त्यांचा दुसरा तुकडा आदल्या दिवशीच तुटला होता. पाला तसाच पडलेला. "तो पेटवू नका. मला द्या," मी म्हणाले.

"घ्या की वैनी. त्याला काय इचारायचं?"

मी पदर खोचला आणि कवेत मावेल तेवढा पाला उचलला. उसाचा पाला करवतीसारखा कापतो, हे मी विसरलेच होते. बांध ओलांडून काळ्या सरीत टाकला, तोवर दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताळले होते आणि असे झोंबत होते की बोलायची सोय नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी दुखत होतं. मी तिथंच सरीत बसले आणि ह्यांच्या नावानं मोठ्यानं रडले.

आप्पांनी मला उठवलं नाही. ते बांधापलीकडं गेले आणि पाला भरून आणायला लागले.