खळ्यावर उतरू पाहणारं विमान

निजामाच्या राज्यात, मुरुम गावाजवळच्या आमच्या खळ्यावर उपणणीसाठी वाऱ्याची वाट बघूनच जीव मेटाकुटीला यायचा. त्यात एक छोटं विमान रोज इतकं खाली यायचं, की उपणलेल्या ज्वारीत भुसकट परत मिसळायचं. वडील डोक्याचा रुमाल सोडून पाखरं हाकल्यासारखा हलवत ओरडायचे, "मर की तिकडं!" वैमानिक उलट हात हलवून जायचा.

शेवटी आम्ही थकलो. एक दिवस कुणी मानसुद्धा वर केली नाही. त्या दिवशी विमान आणखी खाली आलं, खळ्याकडेच्या कडुलिंबाला अडकलं आणि शेजारच्या रानात कोसळलं. आम्ही वैमानिकाला ओढून बाहेर काढलं. मोडलेला पाय धरून तो वडिलांना म्हणाला,

"आज रुमाल नहीं हिलाया, तो देखने आया. सब खैरियत तो है?"